विडी कामगार महिलांची पाहणी: छपाईआधी मजुरीचं माप ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला विडी वळणाऱ्या महिलांचं उत्पन्न आणि त्यांच्यासाठीचा पर्यायी रोजगार यावर पाहणी करायची आहे. निष्कर्ष महापालिकेला आणि जिल्हा प्रशासनाला द्यायचे आहेत. 14 पानांची प्रश्नावली तयार आहे, 300 प्रती छापायच्या आहेत. 300 पुरेत का, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

300 चं गणित पुढे मांडतो. त्याआधी छपाई थांबवा. 14 पानांची प्रश्नावली बहुतेक वेळा एकाच कारणाने तयार होते: नेमकं काय ठरवण्यासाठी माहिती हवी आहे हे ठरलेलं नसतं, म्हणून सगळंच विचारलं जातं. घराचं छप्पर कशाचं, टीव्ही आहे का, मुलं किती, आजार कोणते. मग 300 घरांचा ढीग जमतो आणि अहवालात ‘62 टक्के घरं पक्की आहेत’ अशा छापाची वाक्यं येतात, ज्यावर कुणीही काहीही करू शकत नाही.

सुरुवात उलट्या टोकाकडून करा. विडी कामगारांच्या बाबतीत कोणता निर्णय कुणाच्या हातात आहे हे आधी एका कागदावर लिहा. किमान वेतनाचा दर राज्य सरकारचा कामगार विभाग ठरवतो. त्यावरचा विशेष महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन केंद्राकडे. 1995 च्या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे, आणि ती वाढवणं सोलापुरातल्या कुठल्याही टेबलावर शक्य नाही. विडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या हे केंद्राच्या कामगार कल्याण यंत्रणेचं काम. त्यासाठी 1976 च्या कायद्याने विड्यांवर उपकर होता. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तो रद्द झाला आणि कल्याणाचा खर्च सर्वसाधारण अंदाजपत्रकावर आला. महापालिकेच्या हातात मग काय उरतं? शहरी उपजीविकेच्या योजनांतली प्रशिक्षणं, बचत गट, रिकामी पडलेली शाळेची इमारत पाळणाघराला किंवा शिवणकेंद्राला देणं, बसचा मार्ग, रस्त्यावरचे दिवे. जिल्हा नियोजन समितीकडे थोडाफार निधी. एवढंच. महापालिका आयुक्तांना ‘किमान वेतन वाढवावे’ अशी शिफारस देणारे प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत कमी नाहीत.

आता प्रत्येक निर्णयासमोर एक कोरा तक्ता काढा. रकाने काढा, ओळी काढा, आकडे रिकामे ठेवा. ‘घरापासून किती अंतरावर पाळणाघरासह शिवणकाम मिळालं तर, किती मजुरीला, किती टक्के महिला विडी सोडून जातील’ हा एक तक्ता. ‘ताशी निव्वळ मजुरी, विडी कामगाराचं कार्ड असलेल्या आणि नसलेल्या महिलांची’ हा दुसरा. असे चार-पाच तक्ते पुरतात. प्रश्नावलीतला जो प्रश्न यातल्या एकाही चौकटीत आकडा भरत नाही, तो काढून टाका. 14 पानांची चार होतील, आणि मुलाखत 40 मिनिटांत संपेल. त्यापुढे उत्तरांचा दर्जा घसरतो. बाई ‘हो हो’ म्हणायला लागते आणि विचारणारा स्वतःच रकाने भरायला लागतो.

विडी कामगार म्हणजे कोण

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बाईला ‘तुम्ही काय करता?’ विचारलंत तर ‘घरीच असते’ हे उत्तर अगदी सहज येतं, मांडीवर सूप आणि हातात कात्री असतानाही. राष्ट्रीय श्रमबल पाहणीत (2017 पासून होते ती पीएलएफएस) अशा बाईची नोंद पुढचे प्रश्न नीट विचारले नाहीत तर 92 किंवा 93 या घरकामाच्या संकेतांकात जाते आणि ती श्रमबलाच्या बाहेर पडते. तुमचा गाळणीचा प्रश्न असा असू द्या: ‘मागच्या 30 दिवसांत या घरात कुणी एक जरी विडी वळली का? तेंदूचं पान कापून दिलं का? तोंड बांधून दिलं का?’ प्रत्येक कामाचं नाव घेऊन विचारा.

दुसरा घोळ कार्डाचा. कारखान्याच्या ब्रँचमध्ये (जिथून पान-तंबाखू मिळते आणि जिथे वळलेल्या विड्या द्यायच्या) नाव एकीचं असतं, विड्या दोघी-तिघी वळतात. सासूच्या नावावर कार्ड, काम सुनेचं. किंवा आईच्या नावावर कार्ड आणि शाळेतून आल्यावर मुलीचे दोन तास. उलट बाजूने, कार्ड जिवंत ठेवलेलं असतं पण बाईने वळणं केव्हाच सोडलेलं असतं, कारण त्या कार्डावर भविष्य निर्वाह निधी आणि घराचा हक्क टिकतो. म्हणून कार्डधारकांची यादी घेऊन नमुना काढलात तर काम करणाऱ्या कितीतरी जणी सुटतात आणि न करणाऱ्या आत येतात. घरातली प्रत्येक व्यक्ती आणि तिने काल विडीच्या कामाला दिलेली मिनिटं, असा छोटा तक्ता ठेवा. कार्ड कुणाच्या नावावर, हा वेगळा रकाना.

मजुरीचं माप

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. ‘महिन्याला किती मिळतात?’ हा प्रश्न विचारू नका. हजारी दरावर, म्हणजे दर हजार विड्यांमागे, मिळणाऱ्या मजुरीला महिना नसतो. पान किती दिवस मिळालं त्यावर कमाई ठरते, आणि बाई जो आकडा सांगते तो चांगल्या आठवड्याचा चौपट असतो.

त्याऐवजी शेवटच्या पूर्ण आठवड्याचा हिशेब ब्रँचच्या फेऱ्यांप्रमाणे घ्या. कुठल्या दिवशी गेली, किती हजाराचं पान आणि तंबाखू मिळाली, किती विड्या नेऊन दिल्या, किती मोजून घेतल्या, किती छाट म्हणून बाजूला काढल्या, पैसे केव्हा मिळाले, काय कापून घेतलं. घरात नोंदीचं पुस्तक असेल तर दाखवायला सांगा आणि फक्त आकडे उतरवून घ्या. फोटो काढू नका; त्यात नाव आणि क्रमांक येतो आणि तो कागद पुढे कुणाच्या मोबाइलमध्ये जाईल सांगता येत नाही. मग खर्च: पान कमी पडलं, फाटकं निघालं तर बाजारातून विकत घेतलेलं पान, दोरा, रिक्षाभाडं.

हिशेब कसा फिरतो ते दाखवण्यासाठी काही सोयीचे आकडे घेऊ. हे प्रत्यक्ष दर नाहीत. समजा हजारी दर 220 रुपये आहे. आठवड्यात 4,950 विड्या वळल्या, 4,800 मान्य झाल्या, 150 छाट निघाल्या. हातात 1,056 रुपये. जादा पानाला 80 आणि रिक्षाला 60 गेले, उरले 916. बाईने स्वतः 40 तास काम केलं, मुलीने 8 तास. 1,056 ला 40 ने भागलंत तर तासाला 26 रुपये 40 पैसे. 916 ला 48 ने भागलंत तर 19 रुपये 8 पैसे. एकाच घराचा, एकाच आठवड्याचा आकडा, आणि त्यात 28 टक्क्यांची घट. किमान वेतनाशी तुलना करताना यातला कुठला आकडा वापरलात यावर तुमचा अख्खा निष्कर्ष पालटतो. दोन्ही द्या, आणि कुठला कसा काढला ते तक्त्याखाली लिहा.

तास मात्र आठवून नीट सांगता येत नाहीत. काम सलग होत नाही: डाळ शिजत असताना शंभर विड्या, मुलं शाळेत गेल्यावर तीनशे, रात्री टीव्हीसमोर उरलेल्या. ‘रोज आठ तास’ हे उत्तर साचेबंद असतं. काल उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस तासातासाने विचारा, एवढ्याला आठ-दहा मिनिटं लागतात. पडताळणीसाठी प्रत्येक पाचव्या घरी 25 विड्यांचा एक कट्टा पूर्ण व्हायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून मोजा. फक्त वळण्याचा वेळ त्यात येतो; पान भिजवणं, साच्यावर कापणं, कट्टे बांधणं याचा वेळ वेगळा विचारावा लागतो. वरच्या उदाहरणात सगळं धरून तासाला साधारण 103 विड्या पडतात. तुमच्या माहितीत कुणी तासाला 250 काढत असेल तर मदतनीस लपला आहे असं समजा आणि परत विचारा.

मुलाखतीत बाईला काम थांबवायला लावू नका. वळता वळता ती छान बोलते. 40 मिनिटं हात थांबवायला लावणं म्हणजे सत्तरेक विड्यांची मजुरी बुडवणं. तरी हात थोडा मंदावतोच, तेव्हा त्या वेळेचा मोबदला द्यावा आणि तो सगळ्यांना सारखा, आधी सांगून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पैसे दिले की उत्तरं बिघडतात’ हा आक्षेप विडीच्या पाहणीत फारसा टिकत नाही. फुकट वेळ मागितला की नकार वाढतात, आणि नकार देणाऱ्या नेमक्या सगळ्यात जास्त तास राबणाऱ्या असतात. मग नमुन्यात मोकळ्या वेळेच्या महिलाच उरतात.

कधी जायचं

सकाळी ब्रँचला जायची वेळ सोडा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या भागात पाण्याचा दिवस सोडा. त्या दिवशी कुणीही तुमच्याशी बोलणार नाही आणि बोललीच तर मन हंड्यावर असेल. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, या दोन्हीच्या आसपासचा आठवडा नको, कारण तुम्ही विचारता तो ‘मागचा आठवडा’ नेहमीचा नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी बारा ते चार या वेळात फिरणारी मुलं तिसऱ्या दिवशी आजारी पडतात किंवा चौकात बसून फॉर्म भरतात.

हेच सण वर्षभराचं आठवायला मात्र उपयोगी पडतात. ‘गेल्या वर्षभरात किती कर्ज काढलं?’ याऐवजी ‘गड्डा यात्रेपासून रथोत्सवापर्यंत’ आणि ‘रथोत्सवापासून दिवाळीपर्यंत’ असे तुकडे करून विचारा. जूनमध्ये शाळा सुरू होतात, तेव्हाचा खर्च वेगळा काढा. बोनस, रजेचा पगार अशा वर्षातून एकदा येणाऱ्या रकमा आठवड्याच्या हिशेबात मिसळू नका. वेगळ्या विचारून 52 ने भागून जोडा.

300 पुरेत का

प्रमाण (टक्केवारी) काढायचं असेल आणि 95 टक्के विश्वासाने 5 टक्क्यांच्या आत राहायचं असेल तर पाठ्यपुस्तकातला आकडा 384 आहे. पण तो चिठ्ठ्या टाकून अख्ख्या शहरातून एकेक बाई निवडली तर. तुम्ही वस्ती निवडणार आणि एका वस्तीतून 20 जणी घेणार. एका गल्लीतल्या महिला एकमेकींसारख्या असतात: तीच ब्रँच, तोच पानाचा दर्जा, बऱ्याचदा तोच समाज. म्हणून विसावी बाई फारशी नवी माहिती देत नाही. हा सारखेपणा 0.05 धरला (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे सगळ्या अगदी सारख्या) तर नमुना 1 + 19 × 0.05, म्हणजे 1.95 पट लागतो. 384 चे 749 होतात. दहा टक्के घरं हाती लागणार नाहीत असं धरलं तर 832, म्हणजे 20 च्या 42 वस्त्या.

तुमच्याकडे 300 चीच ताकद असेल तर वस्त्या वाढवा, प्रत्येकीतली घरं कमी करा. तीच दहा टक्के गळती धरून, 15 वस्त्यांत 20-20 घरं घेतलीत तर चूक साधारण 8.3 टक्के, 30 वस्त्यांत 10-10 घेतलीत तर 7.2, 60 वस्त्यांत 5-5 घेतलीत तर 6.5. तेवढ्याच प्रती, तेवढ्याच मुलाखती, फरक फक्त पायपिटीचा. मजुरीच्या बाबतीत सारखेपणा 0.05 पेक्षा जास्तच निघेल, कारण दर ब्रँचप्रमाणे हलतो. तेव्हा पसरून जाण्याचा फायदा आणखी मोठा.

थोडक्यात, शहरासाठी एक सरासरी चित्र हवं असेल तर 300 चालतील. पण तुमच्या प्रस्तावात पूर्व भागातल्या तेलुगू भाषक आणि शास्त्री नगरसारख्या भागातल्या मुस्लिम महिलांची तुलनाही आहे. 150 विरुद्ध 150 मध्ये, 30 वस्त्यांच्या रचनेत, 14 टक्के अंकांपेक्षा कमी फरक दिसणारच नाही. ही तुलना एकतर सोडा किंवा नमुना वाढवा. मधला मार्ग नाही.

यादी कुठून आणायची हा खरा पेच. 2011 च्या जनगणनेनंतर नवी जनगणना झालेली नाही, आणि त्यानंतर शहर कुंभारीच्या दिशेने कितीतरी सरकलं आहे: 2006 मध्ये तिथे दहा हजार घरांची विडी कामगारांची वसाहत उभी राहिली, नंतर रे नगरचा घरकुल प्रकल्प आला. जुन्या गणना-गटांवर नमुना काढलात तर हे भाग नमुन्याबाहेर राहतील. त्यापेक्षा मतदार यादीचे भाग वापरा. शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर या तीन विधानसभा मतदारसंघांत शहर येतं; कुंभारीसारखा लगतचा भाग कुठल्या मतदारसंघात आहे ते पाहून घ्या. प्रत्येक भागातली मतदारसंख्या पहिल्या पानावर असते, तेव्हा संख्येच्या प्रमाणात निवड करणं सोपं. यादीतली नावं वापरायची नाहीत. भाग फक्त नकाशासारखा घ्यायचा. निवडलेल्या भागाचे शंभर-सव्वाशे घरांचे तुकडे पाडा, चिठ्ठीने एक तुकडा घ्या, त्यातल्या प्रत्येक दारावर जाऊन तो गाळणीचा प्रश्न विचारा. दोघांना एका तुकड्याला एक दिवस लागतो. मग विडी वळणाऱ्या घरांच्या यादीतून घरं काढा.

रेल्वे लाइन्स किंवा होटगी रोडच्या बंगल्यांत असं दार-दार फिरणं वाया जातं. म्हणून निवडीआधीच सगळे भाग ‘विडीचे दाट’ आणि ‘विरळ’ असे दोन गटांत वाटून घ्या. अंगणवाडी सेविका आणि विडी कामगार संघटनेचे कार्यकर्ते एका बैठकीत हे सांगू शकतात. दाट भागातून जास्त वस्त्या घ्या, विरळमधून थोड्या. पण विरळ पूर्ण सोडू नका, आणि शेवटी आकडे काढताना निवडीच्या शक्यतेच्या उलट प्रमाणात भार द्या, म्हणजे जिथून जास्त घरं घेतली तिथल्या प्रत्येक घराचं वजन कमी धरा. भार न देता नुसती सरासरी काढली की चित्र साखर पेठ, जोडभावी पेठ, नीलम नगर एवढ्याचंच राहतं.

घर बंद असेल तर शेजारच्या घरात शिरायचं नाही. तीन वेगवेगळ्या वेळी, त्यात एकदा संध्याकाळी सातनंतर, परत जायचं. तरी नाही मिळालं तर ‘न मिळालेलं’ म्हणून नोंद. शेजारी बदलीला घेतला की नमुना घरी असणाऱ्यांकडे झुकतो, आणि हे कुठल्याही सांख्यिकी करामतीने नंतर दुरुस्त होत नाही.

भाषा, भीती आणि मध्ये बसलेला माणूस

प्रश्नावली मराठीत लिहिलीत ते ठीक, पण पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, आणि ती इथली तेलुगू, मराठीने भरलेली. हैदराबादहून भाषांतर करून आणलंत तर हसतील. तेलुगू, दखनी आणि कन्नड बोलणाऱ्या मुली पाहणीला घ्या, त्यांच्याकडूनच भाषांतर करवा आणि दुसऱ्या कुणाकडून परत मराठीत आणून मूळाशी ताडून पाहा. ‘अक्का’ म्हणून बोलायला सुरुवात करणारी मुलगी पहिल्या दोन मिनिटांत जे मिळवते ते विद्यापीठाच्या ओळखपत्राने मिळत नाही. पुरुष पाहणीकार असेल तर उत्तर नवराच देतो, आणि त्याला पानाचा हिशेब माहीत नसतो.

उत्पन्नाचा प्रश्न आला की चेहरा बदलतो, आणि कारण सरळ आहे. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये, अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा, रेशन कार्डाचा रंग: दारात कागद घेऊन आलेला माणूस नाव कापायला आलाय असं वाटणं स्वाभाविक आहे. ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. आधार, रेशन कार्ड, बँक यांचा क्रमांक प्रश्नावलीत ठेवूच नका आणि पहिल्याच वाक्यात तसं सांगा. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर, सांकेतिक क्रमांकाने जोडलेला, आणि तो कागद काम संपल्यावर नष्ट. मोठा आकडा विचारू नका; वरचा आठवड्याचा हिशेब विचारला की उत्पन्न आपोआप निघतं. लाडकी बहीणचे पैसे येतात का हा प्रश्न हवाच असेल तर अगदी शेवटी.

ब्रँचचा मुनीम किंवा संघटनेचा कार्यकर्ता शेजारी बसला असेल तर मुलाखत थांबवा, नंतर या. मुनीमासमोर छाट शून्य निघते आणि कार्यकर्त्यासमोर निम्मी. गल्लीत शिरण्यासाठी संघटनेची मदत घ्या, कारण त्यांच्याशिवाय दार उघडणार नाही. दारातून पुढे ती नको.

पर्यायी रोजगार

‘दुसरं काम मिळालं तर विडी सोडाल का?’ याला जवळजवळ सगळ्या जणी हो म्हणतात. या ‘हो’वर आधारलेल्या योजना दरवर्षी निघतात आणि शिलाई यंत्रं धूळ खातात. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराचं 17 वं कलम पर्यायी उपजीविकेबद्दलच आहे आणि भारताने तो करार 2004 मध्ये मान्य केला; म्हणजे हा प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी कागदावर आहे. अडतं ते इथे: विडीचं काम घरात होतं, मूल जवळ असतं, वेळ आपली असते, आणि आजारी पडलं तर नोकरी जात नाही. सोलापुरात शाळेचे गणवेश आणि तयार कपडे शिवणारा उद्योग आहे, टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत. तिथली मजुरी जास्त असूनही बाई का जात नाही, हे तुम्हाला मोजायचं आहे.

त्यासाठी निवडीची कार्डं वापरा. एका कार्डावर दोन कामं, चित्रांसह: एक, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, 9 ते 6, दिवसाला अमुक रुपये, पाळणाघर नाही, दुसरं, गल्लीतल्या केंद्रात, 11 ते 4, त्याहून कमी रुपये, पाळणाघर आहे. तिसरा पर्याय नेहमी ‘आहे ते विडीचंच काम’. मजुरी, अंतर, तास, पाळणाघर या चार गोष्टी फिरवत अशी आठ कार्डं एका बाईला दाखवा. दहापेक्षा जास्त झाली की ती डोळे मिटून डावीकडचं निवडते. मजुरीचे आकडे वास्तवातले ठेवा, दिवसाला हजार रुपये लिहिलेत तर सगळं फुकट. विश्लेषणातून ‘पाळणाघराची किंमत तिच्या लेखी दिवसाला किती रुपये’ असा आकडा निघतो, आणि तो आयुक्तांच्या कामाचा असतो, कारण पाळणाघराचा खर्च त्यांना काढता येतो.

प्रशिक्षण घेतलेल्या महिलांचं उत्पन्न जास्त दिसलं म्हणून प्रशिक्षणाने उत्पन्न वाढलं असं लिहू नका. प्रशिक्षणाला गेल्या त्या आधीच वेगळ्या होत्या: मुलं मोठी, नवरा कमावता, सासू अनुकूल. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर प्रशासनाला सोडतीची विनंती करा. सोडत न्याय्यही असते आणि तुलनाही शुद्ध मिळते. पण तिथेही नमुना मोठा लागतो. 0.2 प्रमाण विचलनाएवढा (उत्पन्नाच्या नेहमीच्या चढउताराच्या पाचव्या हिश्शाएवढा) परिणाम पकडायला प्रत्येक गटात सुमारे 393 महिला लागतात. नाव लागलेल्यांपैकी निम्म्याच गेल्या तर सरासरी परिणाम निम्मा होतो आणि नमुना चौपट, म्हणजे गटागणिक 1,570 च्या आसपास. एम.ए.च्या प्रकल्पात हे बसत नाही. तेव्हा परिणामाचा दावा सोडा आणि मोजणी नीट करा.

क्षेत्रकामातल्या फटी

नमुन्याबाहेरच्या वस्तीत 20-25 चाचणी मुलाखती घ्या आणि मगच छापा. कोबोटूलबॉक्ससारखं मोफत अॅप असेल तर मोबाइलवरच भरा. मुलाखतीला लागलेली मिनिटं आपोआप नोंदली जातात आणि 40 च्या जागी 11 मिनिटं दिसली की काय झालं ते कळतं. रोज रात्री तीन गोष्टी पाहा: किती विड्या या रकान्यात 500 आणि 1,000 यांचीच गर्दी आहे का, एखाद्या पाहणीकाराच्या घरांत मदतनीस कधीच सापडत नाही का (तो तक्ता लांब असतो, म्हणून वगळला जातो), आणि ‘माहीत नाही’ कुणाचं जास्त येतं. दहा टक्के घरी दुसऱ्याने परत जाऊन चार न बदलणारे प्रश्न विचारावेत. एका वस्तीत एकच पाहणीकार पाठवू नका, नाहीतर वस्तीचा फरक आणि माणसाचा फरक वेगळा काढता येत नाही. एक जण दिवसाला पाच मुलाखती नीट घेतो. आठ जणांना 300 मुलाखतींना आठ दिवस, घरयादीला 30 वस्त्यांचे आणखी आठ, असं धरून चला.

अहवालात सरासरीबरोबर मध्यकही (चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) द्या. चार हात राबणाऱ्या काही घरांमुळे सरासरी वर ओढली जाते.

टेबलावर केव्हा ठेवायचं

दोनशे पानांचा प्रबंध विद्यापीठाला द्या. अधिकाऱ्याला दोन पानं द्या: पहिल्या परिच्छेदात मागणी, मग एक तक्ता, मग खर्च, मग तो कुठल्या लेखाशीर्षातून निघू शकतो. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं आणि जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा त्याच सुमारास, म्हणून कागद नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोचला पाहिजे. मार्चनंतर दिलेला अहवाल पुढच्या वर्षाच्या फायलीत जातो आणि तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते. कामगार विभागाने विडी उद्योगाच्या किमान वेतनाचा मसुदा काढला तर हरकती-सूचनांसाठी किमान दोन महिने मिळतात. ताशी निव्वळ मजुरीचा तक्ता तिथे लेखी हरकत म्हणून दाखल करा, पोच घ्या, आणि अंतिम अधिसूचना आल्यावर त्या हरकतीवर काय ठरलं हे माहिती अधिकारात विचारा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. तक्त्याबरोबर प्रश्नावली आणि नाव-पत्ता काढून टाकलेली मूळ माहितीही जोडा. कारखानदारांची बाजू पहिला आक्षेप घेईल तो तासांच्या मोजणीवर, तेव्हा घड्याळ लावून मोजलेल्या कट्ट्यांचा तक्ता वेगळा काढून सोबत ठेवा.